हळदीचा कागद

वसमत, ३ जुलै १९४१

अक्का,

पायावर डोकं ठेवतो. दुरून ठेवतो, म्हणजे तुला टपली मारता येणार नाही.

मी वसमतच्या शाळेत नेमकं काय करतो ते तुझ्या सासरच्या, डोंगरकड्याच्या बायका तुला विचारतात आणि तुला सांगता येत नाही, असं तू रतनसिंग गाडीवाल्यापाशी म्हणालीस. तर ऐक. आमच्या शाळेत वर्ग मॅट्रिकपर्यंतचेच आहेत, पण हेडमास्तर बंडोपंत तिला आतापासूनच कॉलेज म्हणतात. कॉलेज म्हटलं की खाती हवीत, म्हणून पत्र्याच्या प्रत्येक खोलीवर एकेका खात्याची पाटी लागली आहे. भाषेचं खातं म्हणजे स्वतः बंडोपंत. गणिताचं खातं मोहनसिंग मास्तर. आणि रसायनाचं खातं म्हणजे तुझा भाऊ, एक डगमगतं टेबल आणि काचेच्या काही नळ्या, त्यातल्या निम्म्या फुटक्या.

बंडोपंतांचा नियम असा की खात्यानं सकाळी पोरांना शिकवायचं आणि दुपारनंतर गावाच्या कामी यायचं. भाषेचं खातं लोकांचे कचेरीतले अर्ज उर्दूत लिहून देतं. गणिताचं खातं बाजारातले वजनकाटे बराबर आहेत का ते बघतं आणि व्यापाऱ्यांच्या शिव्या खातं. माझ्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. एकच माणूस आला होता. त्यानं तांब्याचं सोनं करता येतं का विचारलं, येत नाही म्हटल्यावर मग एवढं शिकून काय उपयोग, असं म्हणून निघून गेला.

हसू नकोस. शाळेच्या संस्थेची समिती डिसेंबरात बसणार आहे. जे खातं गावाच्या उपयोगाचं नाही ते बंद करायचं ठरतं आहे. माझं खातं बंद झालं तर हैदराबादला जाऊन एखाद्या कचेरीत खर्डेघाशी करावी लागेल.

म्हणून एक काम काढलं आहे. कागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवले आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. हळदीला वसमतात काय तोटा? पट्टी विहिरीच्या पाण्यात बुडवायची. रंग बदलला तर मला लगेच कळव, पुढचं मी सांगेन. दोन पुड्या रतनसिंगाबरोबर पाठवतो. कागद कोरडे ठेव, उंदरांपासून आणि लेकरांपासून जप.

दाजींना नमस्कार.

तुझा रामकिशन

•

डोंगरकडा, नागपंचमीचा आदला दिवस

रामा,

सुखी राहा, आणि वेळेवर जेवत जा. चुलीच्या राखेत तूच मला अक्षरं शिकवलीस, तेव्हा या पत्रात जे चुकेल तो मास्तरचा दोष.

कागद चांगले जपले. फडताळात उंदीर, शिंक्याला पोरांचे हात पोचतात. म्हणून पहिली पुडी उघडून तिच्यातल्या पट्ट्या माझ्या कमरेच्या चंचीत ठेवल्या. तंबाखूच्या वासाला उंदीर येत नाही आणि माझ्या चंचीला हात लावायची कुणाची टाप नाही, तुझ्या दाजींचीसुद्धा. शिवाय पान खायला बसलं की तिथल्या तिथं पट्टी काढून विहिरीचं काम उरकता येतं.

आता ऐक नवल. पाटलांच्या विहिरीत पट्टी बुडवली तर लाल. देवळाच्या विहिरीत लाल. आपल्या मळ्यातल्या विहिरीतही लाल, अगदी कुंकवासारखी. हळदीचं कुंकू झालेलं बघून बायकांनी हात जोडले. पाटलांच्या रुख्मिणीबाईंनी देवळाच्या विहिरीवर नारळ फोडला. देवीनं कौल दिला म्हणाल्या.

लखमाच्या वस्तीतल्या विहिरीवर आपलं जाणं नाही हे तुला ठाऊक आहे. दुसरी पुडी बांधलेली होती तशीच लखमाच्या बायकोच्या, भिकाबाईच्या, पदरात वरून टाकली आणि काय करायचं ते सांगितलं. तिचा कागद होता तसा पिवळाच राहिला. बिचारी हिरमुसली. मला म्हणाली, "आमच्या पाण्यात देवीबी येत न्हाई, अक्का."

हैदराबादचं नाव काढू नकोस. आई गेली, हट्टा गावातल्या आपल्या घराला कुलूप लागलं. आता मला माहेर म्हणजे वसमतची तुझी ती खोली, जिथं मी बैलगाडीनं सकाळी निघून दिवस मावळायच्या आत येऊ शकते. हैदराबादला मी कशी येणार? तुझं खातं टिकलंच पाहिजे. आणखी कागद लागले तर कळव.

अक्का

•

वसमत, ६ ऑगस्ट १९४१

अक्का,

आधी रुख्मिणीबाईंना सांग की नारळाचं खोबरं गोड लागलं असेल तर लागू दे, पण तो कौल नव्हता. सगळं उलटं झालं आहे, आणि चूक माझी, मी अर्धंच लिहिलं. पट्टी लाल झाली म्हणजे पाण्यात क्षार फार आहेत. ते पाणी पोटाला बाधतं. पट्टी पिवळी राहिली म्हणजे पाणी चांगलं.

म्हणजे तुमच्या गावात पिण्यासारखं पाणी एकाच विहिरीत आहे, भिकाबाईच्या. तिला मुद्दाम जाऊन सांग.

गेल्या पत्रात तू लेकरांच्या पोटदुखीचं लिहिलं नव्हतंस, पण रतनसिंग सांगत होता की घरोघरी पोरं आजारी आहेत. बाकीच्या विहिरींचं पाणी उकळून प्या, नाहीतर पिण्यापुरतं त्या एका विहिरीवरून आणा. कसं आणायचं ते मला सांगता येत नाही. तुमचं गाव तुम्हाला माहीत.

तुझा रामकिशन

•

डोंगरकडा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

रामा,

तुझं पत्र मी देवळासमोर वाचून दाखवलं आणि गावात असा गोंधळ माजला की तुझे दाजी दोन दिवस मळ्यातच राहिले. पाणी उकळायचं म्हणतोस, पण झडीच्या दिवसांत सरपण भिजलेलं, चूल फुंकून डोळे गेले. इकडं लेकरं कण्हून राहिलेली.

शेवटी चावडीवर पाटील बोलले. पाणी म्हणून आणायचं तर अडचण आहे, म्हणाले, पण मास्तरनं सांगितलं म्हणजे हे औषध झालं, आणि औषधाला विटाळ नसतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाव सुटल्यासारखं झालं. कुणाला काही सोडावं लागलं नाही आणि पाणी मिळालं.

पहिल्या दिवशी रुख्मिणीबाई गेल्या. मागोमाग मी. लखमानं विहिरीभोवतीचा चिखल काढून दगड बसवले होते, भिकाबाई नवं लुगडं नेसून उभी होती. ती पोहऱ्यानं पाणी काढायची आणि आमच्या घागरीत वरून ओतायची. चार-आठ दिवस असं चाललं. मग बायका वाढल्या, तिचे हात भरून आले, म्हणून जिची ती काढू लागली. आता सकाळी तिथं एवढी गर्दी असते की कुणाचा पदर कुणाला लागला ते बघायला कुणाला सवड नाही. रुख्मिणीबाईंनी तिथंच भिकाबाईला बाजरीच्या खिचडीत काय घालायचं ते शिकवलं. भिकाबाईनं ऐकून घेतलं, तिला ते आधीच येत होतं.

लेकरांना बरं वाटून राहिलं आहे. तुझं नाव घरोघरी झालं. आता भाऊबीजेला येशील तेव्हा पाटील तुला पानसुपारीला बोलावणार आहेत. चांगलं धोतर आण.

अक्का

•

वसमत, १० सप्टेंबर १९४१

अक्का,

तुझं पत्र बंडोपंतांनी स्वतः प्रार्थनेच्या वेळी पोरांना वाचून दाखवलं. मी शरमेनं मान खाली घातली होती, पण खरं सांगतो, मनातून फार आनंद झाला. त्यांनी समितीच्या लोकांनाही कळवलं की रसायनाच्या खात्यानं एक अख्खं गाव वाचवलं. फाटकाजवळ फळा लावून त्यावर तेच लिहिलं आहे.

आता लोक बाटल्यांतून, तांब्यांतून पाणी घेऊन येतात. काल एक म्हातारा आपल्या म्हशीचं दूध घेऊन आला. हैदराबादच्या नोकरीचा अर्ज लिहिला होता, तो मी फाडून टाकला. भाऊबीजेला येतो.

तुझा रामकिशन

•

वसमत, ३० ऑक्टोबर १९४१

अक्का,

तुझ्या घरून निघताना मी गप्प होतो म्हणून तू मला रुसलास का असं विचारलंस. रुसलो नव्हतो. घर माणसांनी भरलेलं होतं, तिथं बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

ओवाळून झाल्यावर तू पान लावायला बसलीस. चंची सोडलीस, बोटानं पानाला चुना लावलास, आणि मग त्याच चंचीतून उरलेल्या पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्यास, परत न्यायला. त्यांच्यावर चुन्याची भुकटी होती, तंबाखूची पूडही. मी तांब्यातल्या पाण्याचा एक थेंब पट्टीवर टाकला. पट्टी लाल झाली. तांब्यातलं पाणी भिकाबाईच्या विहिरीचं होतं.

कळलं ना? हळदीला चुना लागला की ती लाल होते, म्हणून तर हळदीचं कुंकू होतं. कोरडी असेपर्यंत पट्टी पिवळी दिसते, पाणी लागलं की रंग धरते. चंचीतली पट्टी कुठल्याही विहिरीत बुडवली असती तरी लालच झाली असती. भिकाबाईची पुडी चंचीत गेली नव्हती, म्हणून तिची पट्टी पिवळी राहिली. तुमच्या विहिरी कदाचित पहिल्यापासून चांगल्याच आहेत. लेकरं बरी झाली ती झड ओसरली म्हणून.

गाडीत मला एवढं हसू लोटलं की रतनसिंग घाबरला. मग फाटकाजवळचा फळा आठवला आणि हसू गेलं. आता काय करायचं ते मला सुचत नाही.

रामकिशन

•

डोंगरकडा, तुळशीच्या लग्नाचा दिवस

रामा,

पत्र वाचलं आणि चंची आढ्यावर फेकून दिली. तुझे दाजी कारण विचारून दमले, त्यांना सांगितलं नाही. तूच अक्षर शिकवलंस, तूच कागद दिलास, आणि मी असा घोळ केला. रात्री जेवले नाही.

पण ऐक. कुणाला सांगू नकोस. कुणाचं काय बिघडलं? चांगलं पाणी सोडून चांगलंच पाणी प्यालो, एवढंच. समितीला कळलं तर तुझं खातं जाईल आणि तू हैदराबादला जाशील. मला तेवढं सोसणार नाही, हे मी उघड लिहिते, लाजत नाही.

आणि दुसरं. विहिरी चांगल्या आहेत म्हटलं की गाव दुसऱ्या दिवशी माघारी फिरेल. भिकाबाई रोज सकाळी उठून दगडांवरून झाडणी फिरवते. तिला मी काय सांगू?

गप्प राहा. तुझ्या मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

अक्का

•

वसमत, १२ नोव्हेंबर १९४१

अक्का,

तुझं मी आजवर सगळं ऐकलं. हे ऐकता येत नाही. उद्या खरोखरच एखाद्या विहिरीचं पाणी वाईट निघालं आणि मी ओरडून सांगितलं, तर माझ्यावर कुणी विश्वास का ठेवावा? मग ते खातं असून काय आणि नसून काय.

चूक तुझी एकटीची नाही. कागद कशात ठेवायचे नाहीत ते मी सांगायला हवं होतं. माझी बहीण पान खाते हे मला लहानपणापासून माहीत आहे, माझ्या वाटची सुपारीसुद्धा तीच खायची.

समितीला मी सांगणार. गावाला सांगायचं की नाही ते मी तुझ्यावर सोडतो. नाही सांगितलंस तरी मी तुला बोलणार नाही.

माहेर तुटू देणार नाही. हैदराबादहून दर भाऊबीजेला येईन.

तुझा रामा

•

वसमत, २१ डिसेंबर १९४१

अक्का,

महिना उलटला तरी तुझं पत्र नाही. मला वाटलं तू बोलणं टाकलंस. काल कळलं की तसं नव्हतं.

काल समिती बसली. मी उभा राहून सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. नुसतं म्हणालो की कागदांना चुना लागला होता आणि ते मी तपासून घेतलं नाही. बंडोपंत खाली बघत होते, त्यांनीच तर फळा लावला होता. मग एक सभासद म्हणाले, ज्या खात्यानं गावाला विनाकारण दुसऱ्याच्या विहिरीवर पाठवलं ते खातं बंद करा. बाकीच्यांनाही ते पटत चाललं होतं.

तेवढ्यात शिपाई आत येऊन सांगू लागला की डोंगरकड्याचा एक माणूस घागर घेऊन बाहेर थांबला आहे, रसायनाचं खातं कुठं म्हणून विचारतो आहे. लखमा होता. घागरीवर पळसाची पानं बांधलेली. चालत आला होता, पहाटेचा निघालेला.

बंडोपंतांनी त्याला आत बोलावलं. तो दाराशीच थांबला, तेव्हा ते उठून दारापर्यंत गेले आणि त्याला टेबलापाशी घेऊन आले. लखमा मला म्हणाला, "मास्तर, अक्कांनी हिरीवर उभं राहून समद्यांना सांगितलं. चुना लागला व्हता म्हणं. मंग आमचं पाणी चांगलं निघालं ते तरी खरं का?"

अक्का, तेव्हा मला कळलं की तू काय केलंस. बाटलीतली नवी पट्टी काढून मी त्या घागरीत बुडवली आणि सगळ्यांना दाखवली. पिवळी, जशीच्या तशी.

त्या सभासदांनी लखमाला विचारलं की एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं चालत काहून आलास. लखमा म्हणाला, "आमच्या पाण्याला चांगलं म्हननारं हे पयलंच खातं हाय, मालक. ते खरं हाय का न्हाई, बघाया नगं?"

मग बंडोपंतांनी टेबलावरचा पेला उचलून लखमापुढे धरला. लखमानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेव्हा त्यानं घागर वाकवली. बंडोपंत ते पाणी सावकाश प्याले. मागून मोहनसिंग मास्तरांनी पेला घेतला, मग मी.

खातं राहिलं आहे. समितीनं एक अट घातली, पट्ट्या यापुढे झाकणाच्या बाटलीतच ठेवायच्या. तशी एक बाटली तुलाही या पत्राबरोबर पाठवतो. हैदराबादला मी जात नाही. आता तरी पत्र लिही.

तुझा रामा

•

डोंगरकडा, संक्रांत

रामा,

तिळगूळ रतनसिंगाबरोबर पाठवला आहे, त्यातला त्यानं वाटेत खाल्ला नसेल तेवढा तुझा.

पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की रडू यायचं. तुझं पत्र वाचून आठ दिवस मी तुझ्यावर चिडले होते. मग एका सकाळी भिकाबाईच्या विहिरीवर सगळ्या असताना घागर खाली ठेवली आणि सांगून टाकलं. माझी चंची, माझा चुना, सगळं. रुख्मिणीबाईंनी भरलेली घागर तिथंच ओतली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरचं कुणी आलं नाही, चौथ्या दिवशी आम्ही तिघी-चौघी राहिलो. तुझे दाजी मला तेवढंच म्हणाले की आता तरी चंची आढ्यावरून काढ, मला तुझ्याशिवाय पान लावून कुणी देत नाही.

भिकाबाई दगडांवरून झाडणी मात्र रोज फिरवत होती. तुझ्या बाटलीतल्या नव्या पट्ट्या आल्या तशा मी हात धुऊन, पुसून गावातल्या विहिरी पुन्हा तपासल्या. सगळ्या पिवळ्या. तुझ्या खात्यात तसं लिहून ठेव.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी खरंच चुलीपाशी बसून हसत रडले. माझं माहेर राहिलं. ते राहिलं ते लखमाच्या पायांमुळं, हे मी कधी विसरणार नाही. त्याच्या घरी काय पाठवावं ते सुचेना. साडी पाठवावी, धान्य पाठवावं, काहीच बराबर वाटेना.

आज वाण घेऊन मी भिकाबाईकडे गेले. ती म्हणाली, "तुमची हीर चांगली निघाली ना अक्का? मंग रोज इतक्या लांब काहून येता?" मी म्हणाले की तुझ्या पाण्याची सवय लागली. आणि तिला म्हणाले, "चल, आज माझ्या मळ्यात चल. आमच्या हिरीचं पाणी तू काढ आन् पी."

ती आली. मळ्याच्या बांधापर्यंत माझ्या बरोबरीनं आली आणि मग थांबली. तुझे दाजी विहिरीवर बैलांना पाणी दाखवत होते. मला वाटलं काही बोलतील. ते बाजूला झाले आणि पोहऱ्याचा दोर तिच्या हाताशी ठेवून दिला.

भिकाबाईनं मला हळूच विचारलं, "औषध म्हणून का, अक्का?"

मी म्हणाले, "न्हाई. पाणी म्हणून."

मग तिनं पोहरा आत सोडला.

तुझी अक्का